आइसलँडच्या उत्तरेला देवमासे, सील आणि पक्षी बघायला जाताय? सगळे विचारतात ते प्रश्न

उत्तर आइसलँडला माझं तीनदा जाणं झालं, त्यातलं एकदा आईबाबांना घेऊन, त्यामुळे ओळखीतलं कुणी तिकडे निघालं की फोन मला येतो. प्रश्न साधारण तेच असतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. व्हिसा (शेंगेन लागतो) आणि विमानाचं इथे काही नाही, ते एजंटला विचारा.

व्हेल बघायची बोट राजधानी रेक्याविकहूनही सुटते, मग एवढं वर, उत्तर किनाऱ्यावरच्या हुसाविकला कशाला जायचं?

सुटते, आणि वेळच नसेल तर तिथूनच बघा, वाईट काही नाही. पण हुसाविक ज्या खाडीवर आहे ना, श्याल्फांदी, तिच्यात दोन नद्या येऊन मिळतात, त्यांच्याबरोबर गाळ आणि खतपाणी येतं, समुद्रात थंड-गरम प्रवाह एकमेकांत मिसळतात, मग प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढतं, त्यावर क्रिल (कोळंबीसारखे इवले जीव) आणि छोटे मासे, आणि त्यांच्यावर व्हेल. म्हणजे व्हेल तिथे अक्षरशः जेवायला येतात, हिवाळाभर पुरेल एवढी चरबी अंगावर चढवायला. जेवायला बसलेला व्हेल फार लांब जात नाही, तासभर एकाच टापूत फिरतो, त्यामुळे बोटीवरच्यांना तो नीट बघता येतो. शिवाय गाव छान आहे, अडीच हजाराच्या आतबाहेर वस्ती, बंदरावर लाकडी चर्च, समोर खाडीपलीकडे बर्फाचे डोंगर. रेक्याविकहून अंतर साधारण ४८० किलोमीटर, गाडीने सहा तास धरा, आमच्यासारखे धबधबा दिसला की थांबणारे असाल तर नऊ. आकुरेयरी या उत्तरेतल्या मोठ्या गावापर्यंत विमानाने गेलात तर तिथून फक्त पाऊण-एक तास. वाटेत वाडलाहेईदीचा बोगदा लागतो त्याचा टोल ऑनलाइन भरायचा असतो, नाक्यावर कुणी बसलेलं नसतं, विसरलात तर भाड्याच्या गाडीची कंपनी नंतर दंडासकट कार्डावरून कापून घेते. मला कसं माहीत ते विचारू नका.

कधी जायचं? मुलांच्या शाळेच्या सुट्ट्या मे आणि दिवाळीत असतात.

हा सगळ्यात कॉमन प्रश्न आणि उत्तर थोडं अडचणीचं आहे. तिन्ही गोष्टी, म्हणजे व्हेल, सील आणि पफिन (रंगीत चोचीचा छोटा समुद्रपक्षी) एकाच फेरीत हवे असतील तर जूनचा मध्य ते जुलैअखेर. तेव्हा रात्र होतच नाही, हुसाविक आर्क्टिक सर्कलच्या जेमतेम खाली आहे, रात्री अकराला पण फोटो काढता येतात.

मेची सुट्टी: चालेल. पफिन एप्रिलच्या उत्तरार्धात परत आलेले असतात, हंपबॅक व्हेल असतात, गर्दी कमी असते. पण थंडी असते आणि मेच्या सुरुवातीला उत्तरेत बर्फ पडू शकतो, गाडी चालवायची सवय नसेल तर जपून.

गणपतीच्या आसपास: व्हेल उत्तम, पफिन गेलेले. ऑगस्टच्या मध्यानंतर पफिनच्या मागे लागू नका, ते समुद्रावर निघून जातात आणि पुढच्या वसंतापर्यंत जमिनीला पाय लावत नाहीत. दरवर्षी कुणीतरी ऑगस्टच्या पंचवीस तारखेचं बुकिंग करतं आणि मग मला विचारतं की पफिन कुठे दिसतील.

दिवाळी: पक्षी जवळपास नाहीत, दिवस छोटा, पण आकुरेयरीच्या खाडीत हिवाळ्यातही बोटी जातात आणि काही हंपबॅक दक्षिणेला न जाता तिथेच राहतात. नॉर्दर्न लाइट्स मिळाले तर बोनस.

व्हेल दिसतीलच ना? गॅरंटी आहे का?

उन्हाळ्यात बहुतेक दिसतातच, कंपन्या नव्वदच्या वरचे आकडे सांगतात. पण त्या आकड्यात काय मोजलं जातं ते समजून घ्या. दूरवर हार्बर पॉरपॉइजची (डॉल्फिनसारखा छोटा प्राणी) काळी पाठ दोन सेकंद वर आली आणि गेली, तरी कंपनीच्या हिशोबात ते "दिसलं". काहीच दिसलं नाही तर बहुतेक कंपन्या दुसरी फेरी फुकट देतात, मात्र ती घ्यायला तुम्ही दुसऱ्या दिवशी गावात असायला हवं, आणि आपले लोक तर दुपारी साडेतीनला पुढच्या हॉटेलकडे निघालेले असतात! म्हणून हुसाविकला दोन रात्री राहा. तीनदा जाऊन आल्यावर सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे, की एका जागी थांबा. सात दिवसांत अख्ख्या देशाला चक्कर मारणाऱ्याला धबधबे दिसतील, कारण ते पळून जात नाहीत. प्राणी आपल्या वेळेला येतात.

वारा सुटला की फेरी रद्द होते, हेही धरून चला. आमची एकदा झाली होती आणि त्या कंपनीने पैसे परत द्यायला सहा आठवडे आणि चार ईमेल घेतले. बुक करतानाच रद्द झाल्यावर पैसे परत की नवी तारीख ते वाचून ठेवा.

लाकडी बोट घ्यायची की ती फास्ट रबरी बोट?

लाकडी. डोळे झाकून लाकडी.

हुसाविकचा हा धंदा १९९५ मध्ये मासेमारीच्या एका जुन्या ओक लाकडाच्या बोटीपासून सुरू झाला, आणि तसल्याच दुरुस्त केलेल्या बोटी आजही चालतात. फेरी तीन तासांची, तिकीट माणशी दहा हजार क्रोनांच्या वर (एक क्रोना म्हणजे साठ-सत्तर पैसे, हिशोब करा आणि पाणी प्या), शिवाय परतताना गरम चॉकलेट आणि दालचिनीचा बन. वेग कमी, उभं राहायला जागा, आणि उंचीवरून खालचं पाणी दिसतं. रबरी बोट लवकर पोचते, पाण्याच्या अगदी जवळ असते, पण लाटेवर आपटत जाते, कंबरेचा त्रास असेल, गरोदर असाल किंवा सोबत लहान मूल असेल तर घेतच नाहीत. काही बोटी आता विजेवर चालतात, व्हेलजवळ इंजिनाची घरघर नसते आणि त्याचा श्वास ऐकू येतो. जमलं तर ती घ्या.

मला बोट लागते. काय करू?

आईला मांडव्याच्या लाँचमध्ये पण लागते, तर तिचा अनुभव सांगते. गोळी बोट सुटल्यावर खाऊन उपयोग नसतो, निदान अर्धा-एक तास आधी घ्यायची, कुठली ती तुमच्या डॉक्टरला विचारून भारतातूनच न्या. रिकाम्या पोटी जाऊ नका आणि वडापावसारखं तेलकट पण नको, कोरडी बिस्किटं किंवा टोस्ट बरे. बोटीच्या मधोमध उभं राहा, नजर लांब क्षितिजावर, मोबाइलच्या स्क्रीनवर अजिबात नाही. आत केबिनमध्ये जाऊन बसलात की संपलं. आईने हे सगळं केलं आणि तरी शेवटच्या अर्ध्या तासात बादली लागलीच, पण तोपर्यंत दोन हंपबॅक बघून झाले होते त्यामुळे तिची तक्रार नव्हती.

थंडी किती असते?

जुलैत जमिनीवर दहा-बारा डिग्री, बोटीवर वाऱ्यात दोन-चार असल्यासारखी. कंपनी वरून घालायला जाडजूड ओव्हरऑल देते, त्यात सगळे अंतराळवीर दिसतात. आत थर्मल, लोकरी टोपी आणि हातमोजे स्वतःचे न्या. साडीवर ओव्हरऑल चढत नाही, हे एका काकूंना बंदरावर कळलं.

कुठला व्हेल आहे ते कसं ओळखायचं?

गाइड ओरडतो "तीन वाजता!" म्हणजे घड्याळ बघायचं नाही, बोटीचं नाक म्हणजे बारा, उजवा हात म्हणजे तीन, शेपूट म्हणजे सहा. पहिल्यांदा आमच्यातले अर्धे मनगटाकडे बघत होते.

मग पाण्यावर कारंजं शोधायचं, ते पाणी नसतं, श्वास असतो, गरम दमट हवा थंडीत पांढरी दिसते. हंपबॅक सगळ्यात जास्त दिसतो, बारा ते सोळा मीटर, म्हणजे आपल्या एसटीपेक्षा मोठा. दोन-चारदा श्वास घेतो, मग पाठीची कमान करतो आणि शेपूट पूर्ण वर काढून खोल जातो. ती शेपूट महत्त्वाची, तिच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे डाग प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे, त्यावरून अभ्यासक एकेक व्हेल ओळखतात आणि हिवाळ्यात तोच व्हेल कॅरिबियनकडे दिसला तर तेही कळतं. शेपूट गेली की पाच-दहा मिनिटं काही नाही. त्या वेळात लोक कंटाळून आत जातात आणि नेमका तो तेव्हाच वर येतो.

मिंकी छोटा, सात-दहा मीटर, शेपूट कधीच दाखवत नाही, पाठ आणि बाकदार पंख एवढंच, आणि त्याच्या श्वासाला सडक्या कोबीसारखा वास येतो, वाऱ्याच्या दिशेला असलात तर डोळ्यांआधी नाकाला कळतं. पांढऱ्या चोचीचे डॉल्फिन टोळीने येतात. आणि वर लिहिलेलं पॉरपॉइज, दीड मीटरचं, दिसलं दिसलं म्हणेपर्यंत गायब.

आणि ब्लू व्हेल?

येतो, पण नशीब लागतं. चान्स जास्त करून जूनच्या आसपास. मला तीन फेऱ्यांत नाही दिसला. नाहीच दिसला तर हुसाविकच्या व्हेल म्युझियममध्ये जा, जुन्या कत्तलखान्याच्या इमारतीत आहे, तिथे ब्लू व्हेलचा पंचवीस मीटर लांबीचा खराखुरा सांगाडा टांगलाय, २०१० मध्ये उत्तर किनाऱ्याला वाहून आलेल्या व्हेलचा. त्याच्या खालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलं की आकडा अंगात उतरतो. बाबा तिथे वीस मिनिटं गप्प बसले होते, आणि बाबा गप्प बसत नाहीत.

सील कुठे दिसतात? त्याची पण बोट घ्यावी लागते का?

नाही, आणि म्हणूनच मला सील सगळ्यात आवडतात, शून्य क्रोना. आकुरेयरीहून रेक्याविकच्या वाटेवर ह्वाम्सतांगी नावाचं गाव आहे, तिथे सील सेंटर आहे, आधी तिथे जा, काउंटरवर विचारा आज कुठे आहेत आणि ओहोटी किती वाजता. ओहोटीच का, तर पाणी उतरलं की खडक उघडे पडतात आणि सील त्यांच्यावर येऊन आडवे होतात, भरतीला खडकच नसतो. आपल्याकडे कोळणींना विचारा, भरती-ओहोटीचं गणित सगळ्या समुद्रांचं एकच.

तिथून वात्सनेस नावाच्या द्वीपकल्पाला वळसा घालायचा, ७११ नंबरचा रस्ता, मोठा भाग खडीचा आणि खड्ड्यांचा (घरची आठवण येते). पश्चिमेच्या बाजूला इल्लुगास्तादिर, गाडी लावून दहा-पंधरा मिनिटं चालत गेलं की समोर खडकांवर केळ्यासारखे वाकून पडलेले सील. डोकं आणि शेपूट वर, पोट खाली, असं का विचाराल तर कोरडं आणि ऊबदार राहायला. ही जागा मेपासून साधारण वीस जूनपर्यंत बंद असते कारण तिथे आयडर बदकं अंड्यांवर बसतात, त्यांच्या घरट्यातली मऊ पिसं शेतकरी गोळा करतात, किलोभर पिसांना साठेक घरटी लागतात, त्यामुळे बंद म्हणजे बंद, साखळी ओलांडून जाऊ नका. पूर्वेच्या बाजूला ह्वीत्सेर्कुर हा पंधरा मीटरचा खडक समुद्रात उभा आहे, पाणी प्यायला वाकलेल्या जनावरासारखा, तिथून किनाऱ्याने पुढे चालत गेलं की खाडीच्या तोंडाशी पलीकडच्या वाळूवर पण सीलांचा मोठा कळप असतो.

दोन जाती लक्षात ठेवा. हार्बर सील छोटा, गोल तोंडाचा, मांजरासारखा, पिल्लं मे-जूनमध्ये. ग्रे सील मोठा, लांब नाकाचा, नर तीनशे किलोपर्यंत जातो, पिल्लं शरद ऋतूत. हार्बर सील १९८० मध्ये तेहतीस हजारांच्या आसपास मोजले होते, आता दहा हजारांच्या आसपास आहेत, म्हणून २०१९ पासून परवानगीशिवाय सील मारायला बंदी आहे.

आणि हो, "सील मासा" म्हणू नका हो, तो मासा नाहीये. देवमासा पण नाहीये खरं तर, पण ते आता जुनं झालं.

किनाऱ्यावर एकटं पिल्लू दिसलं तर?

हात लावू नका. आई मासे पकडायला गेलेली असते. तुम्ही जवळ उभे राहिलात तर ती पाण्यातून बघत राहते आणि बाहेर येत नाही. लांब व्हा, काळजी वाटली तर सील सेंटरला कळवा.

पफिन जवळून कुठे बघायला मिळतील?

हुसाविकच्या खाडीत लुंडे नावाचं बेट आहे, नावाचा अर्थच पफिनचं बेट, काही बोटी आधी तिथे नेतात आणि मग व्हेलकडे. बोटीवरून दिसतात पण लहान, पाण्यावर तरंगणारे नारळ समजा. जवळून हवे असतील तर पूर्वेला बोर्गारफ्योर्दुर एस्त्री हे गाव, एगिल्सस्तादिर गावापासून सत्तर किलोमीटर, तिथे बंदराशेजारच्या टेकडीला लाकडी जिने आणि कठडे आहेत, पफिन हाताच्या अंतरावर आपल्या बिळाबाहेर उभे असतात आणि तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. आजी-आजोबांना पण जमेल. पश्चिमेचा लाउत्राब्यार्ग कडा चौदा किलोमीटर लांब आणि चारशे मीटरच्या वर उंच, जबरदस्त आहे, पण रस्ता लांबचा आणि कड्याला कठडा नाही. तिथे काठावर उभं राहायचं नाही, पोटावर झोपून बघायचं, कारण पफिननी खालून बिळं पोखरलेली असतात आणि गवताखाली जमीन असेलच असं नाही.

वेळ संध्याकाळची. दुपारी बहुतेक जण समुद्रावर मासे पकडत असतात. सातनंतर जाऊन बसा, चोचीत दहा-बारा छोटे मासे आडवे धरून येतात ते तेव्हाच दिसतं. आकाराने मात्र अपेक्षा कमी ठेवा, फोटोत बदकाएवढा वाटतो, प्रत्यक्षात फूटभरही उंच नसतो आणि वजन अर्धा किलो.

त्याच कड्यांवर रेझरबिल नावाचा काळा-पांढरा पक्षी असतो, लोक पफिनच्या नादात त्याच्याकडे बघत नाहीत. त्याचा सगळ्यात जवळचा भाऊबंद म्हणजे ग्रेट ऑक, उडता न येणारा, हंसाएवढा. त्याची शेवटची जोडी जून १८४४ मध्ये आइसलँडच्याच एल्डे बेटावर माणसांनी मारली. रेझरबिल दिसला की मला ते आठवतंच.

एक पांढरा पक्षी डोक्यावर चोच मारतो म्हणे?

मारतो. आर्क्टिक टर्न, तिकडे त्याला क्रिया म्हणतात, आपल्या सुरय पक्ष्याच्या कुळातला. वजन शंभर ग्रॅम, पण दरवर्षी आर्क्टिकपासून अंटार्क्टिकापर्यंत जाऊन परत येणारा, त्यामुळे तुम्हाला घाबरण्याचा प्रश्नच नाही. जून-जुलैत त्याची अंडी-पिल्लं उघड्या जमिनीवर असतात, रस्त्याच्या कडेला सुद्धा. तो सर्वात उंच बिंदूवर हल्ला करतो, म्हणून काठी किंवा ट्रायपॉड डोक्यावर उभा धरा, आणि खाली बघत चाला, अंडी दगडांसारखीच दिसतात. काठी फिरवायची नाही, नुसती धरायची. ग्रिमसे बेटावर, जिथून आर्क्टिक सर्कल जातं आणि जिथे दाल्विक गावाहून फेरीबोटीने तीन तासांत पोचता, तिथे सगळे पर्यटक असेच काठ्या धरून वारीला निघाल्यासारखे चालत असतात.

मीवात्न तळ्यावर थांबायचं का?

बदकांसाठी हो. हुसाविकहून तासाभराच्या आत. बॅरोज गोल्डनआय हे बदक युरोपात अंडी घालायला फक्त आइसलँडमध्येच येतं आणि त्याचा मुख्य अड्डा हा. शेजारच्या लाक्सा नदीच्या फेसाळ पाण्यात हार्लेक्विन बदक, इतकं रंगीत की खोटं वाटावं. मात्र नावाचा अर्थच चिलटांचं तळं. चावतात कमी पण नाका-कानात जातात, डोक्यावरची जाळी घ्या. ती चिलटं आहेत म्हणून बदकं आहेत, तेव्हा शिव्या देताना हात आखडता.

आइसलँडमध्ये व्हेल मारतात ना? मग तिकडे पैसे द्यायचे का?

खरा प्रश्न. मारतात, म्हणजे परवानगी आहे. व्यापारी शिकार २००६ मध्ये परत सुरू केली, २०२२ मध्ये १४८ फिन व्हेल मारले, २०२३ च्या उन्हाळ्यात सरकारने प्राणी फार वेळ तडफडतो म्हणून काही महिने थांबवली, त्या वर्षी २४ मारले, २०२४ मध्ये एकही नाही. तिथले लोकही याबद्दल दोन्ही बाजूंनी भांडतात. माझं मत, बघणाऱ्यांचे पैसे जेवढे जास्त तेवढं जिवंत व्हेलचं वजन वाढतं, म्हणून मी जाते. पण रेस्टॉरंटात "एकदा चव बघू" म्हणून व्हेलचं मांस मागवू नका, ते खाणाऱ्यांत पर्यटकांचा वाटा मोठा राहिलाय. सकाळी त्याच्या शेपटीला टाळ्या आणि रात्री ताटात, हे मला तरी जमणार नाही.

शाकाहारी आहोत, उपाशी राहू का?

नाही, पण कंटाळाल. गुलाबी डुकराच्या चित्राचं बोनुस सुपरमार्केट शोधा, ब्रेड, फळं, आणि स्कीर नावाचं दह्यासारखं प्रकरण, साखर घालून थेट चक्क्याच्या जवळ जातं. ठेपले, मेतकूट, रेडी-टू-ईट पोहे घरून न्या आणि किचनवालं राहायचं ठिकाण घ्या.

कॅमेरा कुठला?

७०-३०० ची लेन्स पुरते, शटर हजारात एक किंवा जलद. त्यापेक्षा दुर्बीण न्या, ८ बाय ४२. पहिल्या फेरीत मी चारशे फोटो काढले, त्यातले तीनशे पाण्याचे.

कोकणात नाही का दिसत हे सगळं?

डॉल्फिन दिसतात की, तारकर्ली, दापोली, गुहागर. वेंगुर्ल्याच्या खडकांवर सुरय अंडी घालतात. व्हेल पण आपल्या समुद्रात आहेत, नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू किनाऱ्याला लागलं तेव्हा गावकरी आणि वनखात्याचे लोक त्याला पाण्यात ढकलायला रात्रंदिवस खपले, वाचलं नाही. एरवी आपल्याकडे व्हेल बातमीत येतो तो फक्त त्याची "उलटी" पकडली म्हणून. सील मात्र नाहीत आणि पफिन तर नाहीतच.

बोटीवर टॉयलेट असतं का?

असतं, एक, खाली, अरुंद जिन्याने, आणि ओव्हरऑलची चेन गळ्यापासून खाली असते. बंदरावरच जाऊन या. आई खाली गेली होती तेव्हाच एका हंपबॅकने पूर्ण उडी मारली, आणि तो किस्सा अजूनही घरात तिच्यासमोर कुणी काढत नाही.